आठ वाट्यांचं अंगण

गावाचं नाव मोबील.
फोन नव्हे, अलाबामातलं गाव, खाडीच्या दमट काठावरचं.
घरामागे ओकचं झाड,
गहाणखतावरच्या सगळ्या सह्यांहून जुनं,
त्याखाली आमचं अंगण:
अर्धं भाजलेलं, अर्धं शेवाळलेलं, मधे टक्कल.

जूनच्या एका शनिवारी मी स्टीलच्या आठ वाट्या काढल्या.
सकाळी आठला सावलीच्या काठावर पहिली पालथी घातली,
मग तासातासाला एकेक,
तीनला आठवी.
कुंपणापलीकडून ओडेसा प्रूइट बघत होत्या.
"आज काय सण?"
"सण नाही. ऊन मोजतेय."
"मग ठीक," म्हणाल्या,
आणि खुर्ची कुंपणाजवळ ओढून बसल्या,
निकाल लागेपर्यंत.

गॅरेजच्या कडेला सहा तास.
मधे चार, तेही तुटक.
बुंध्याशी नुसते कवडसे,
ते कुठल्या वाटीत धरायचे?

लेलंड टगलच्या नर्सरीत गवताचे ट्रे मांडलेले,
साड्यांच्या दुकानात घड्या उलगडून टाकाव्यात तसे.
ही झोयसिया. पायाला मऊ, पण अंगण भरायला दोन वर्षं.
ही सेंटिपीड. स्वस्त, फार मागत नाही.
(सेंटिपीड म्हणजे गोम. पैसे देऊन
दारात गोम कोण अंथरेल?)
"आणि ही बर्म्युडा," कानामागची पेन्सिल काढत तो म्हणाला,
"हिला मारून दाखवा."

मी वाकले. एक कांडी बोटांत धरली.
पेरापेराला मूळ, तीन पात्यांचा शेंडा.
कसली बर्म्युडा!
हरळी ही.
चतुर्थीला जुडी बांधून देवाच्या डोक्यावर
आणि पंचमीला खुरप्याखाली.
हिला इथे ट्रे, किंमत, लॅमिनेट केलेली पाटी!
मी हसले तर लेलंडला वाटलं, भाव पटला नाही.

तीस तुकडे द्या, म्हणणारच होते.
पण बाबा आठवले.
सांगलीच्या कॉलेजात मैदानाचे माळी,
रोलर, झारी आणि हरळी, एवढाच त्यांचा संसार
आम्हाला बाहेरून दिसायचा.
साइटस्क्रीनमागे चिंचेखाली ते दर वर्षी हरळी लावत,
दर वर्षी ती जाई.
एका वर्षी लावली नाही. मी विचारलं, का?
"कापली तरी येते, जाळली तरी येते.
सावलीत ठेव,
भांडतसुद्धा नाही. जाते."

"सावलीत कोण टिकेल?" मी विचारलं.
लेलंडने कोपऱ्यातला ट्रे पायानेच पुढे सरकवला.
सेंट ऑगस्टीन. रुंद पातं, जरा राठ,
बी मिळत नाही, चौकोनच लावायचे.
"अर्धी सावली सोसते. पूर्ण सावली कुणीच सोसत नाही, मॅडम."

दोन रविवार गेले.
विटा रचाव्यात तसे चौकोन रचले, सांध्यावर सांधा येऊ न देता.
हेरंबची पाठ धरली, बोलणं मात्र सुरूच होतं,
की एवढ्या पैशात फरशी झाली असती.
ओडेसांनी बर्फाचा चहा आणला,
आणि रबरी नळी धरून मला दटावलं:
"रोज शिंपडू नकोस गं. आठवड्यातून दोनदा, पण पोटभर."
बुंध्याशी काहीच लावलं नाही.
तिथे ओकचा पाचोळा आणि दोन खुर्च्या.
सातवी वाटी तिकडेच कुठेतरी मातीत हरवली आहे.

ऑगस्टमध्ये गॅरेजच्या रस्त्यावर,
काँक्रीटच्या चिरेत हिरवं काही उठलं.
तीन पाती.
हेरंब फवारणीची बाटली घेऊनच आला.
"थांब," मी म्हटलं.
"कुठून आली ही?"
मला काय माहीत.
सहा तास ऊन आहे तिथे,
एवढं मात्र मी मोजलेलं आहे.