सा मोजा

उकेरेवे बेटावरच्या शाळेत टॅब आहेत सहा
आणि चौथीच्या वर्गात मुलं एकेचाळीस.
म्हणजे एका काचेवर सात डोकी वाकलेली,
एकेकाला बोट टेकवायला जेमतेम मिनिट,
तेही छपरावरच्या सौरपट्टीला काल ऊन मिळालं असेल तर.

आजचा धडा : किती वेळ गेला?
पडद्यावर हिरवा बेडूक बसलाय,
त्याच्यापुढे आकड्यांची आडवी रेघ.
बस सुटली सव्वाआठला, पोचली दहा चाळीसला.
बेडकाला बोटानं ढकलायचं :
पहिली उडी नवापर्यंत, पंचेचाळीस मिनिटांची,
मग एक अख्ख्या तासाची,
मग उरलेली चाळीस.
सगळ्या उड्या मिळून दोन तास पंचवीस.
बरोबर आलं की बेडूक टाळ्या वाजवतो,
चुकलं की डबक्यात पडतो, डुबुक.
मुलं मुद्दाम चुकतात.

बस रस्त्यात पंक्चर झाली तर, बुइरे विचारतो.
कबुला बाई म्हणतात,
या बसला चाकं नाहीत रे, नुसती वेळ आहे.

पुढचं गणित बाईंनी स्वतः घातलंय, रात्री जागून.
होडी संध्याकाळी सातला निघाली,
पहाटे पाचला परतली.
बेडूक सातावरून उडतो, आठ, नऊ, दहा,
बारापाशी रेघच संपते.
बुइरे सातातून पाच काढतो. दोन.
डुबुक.

मागून न्यांगेता म्हणते, दहा.
काचेला तिचं बोटही लागलेलं नाही.

कसं गं?
सा मोजाला गेले,
सा कुमी ना मोजाला आले.

तिच्या घरचं घड्याळ सूर्याबरोबर उठतं.
उजाडून एक तास झाला की एक वाजतो,
दिवस बुडून एक तास झाला की पुन्हा एक.
एक म्हणजे मोजा.
आपल्या कानाला तो हुकूम वाटतो,
तिथे तो साधा आकडा आहे.
कुमी ना मोजा म्हणजे अकरा.
अकरातून एक गेला, राहिले दहा.
मध्यरात्र तिच्या वाटेत आलीच नाही.

कबुला बाई खडू हातात धरून उभ्या.
त्याही घरी असंच बोलतात.
रोज शाळेच्या उंबऱ्यावर सहा मिळवतात,
परतताना तिथेच सहा ठेवून जातात.
इतकी वर्षं हे ओझं वाहिलं
आणि कधी सुचलं नाही, की दोन्ही टोकं
सहा-सहा घरं सरकवली
तरी मधलं अंतर हलत नाही.

मग तूच घाल एक गणित, त्या म्हणतात.

न्यांगेता पुढे येते. हाताला दागा माशांचा वास,
सकाळी वाळूवर पसरून आलेली.
बाबा दिवे घेऊन सा मोजाला गेले.
सा कुमी ना मोजाला आले नाहीत.
सा ताटू वाजून वीस मिनिटांनी आले.
इंजिन बंद पडलं होतं.

ती बेडकाला ढकलते.
एक उडी उजाडेपर्यंत, अकरा तास.
दुसरी उजेडापासून होडी दिसेपर्यंत,
तीन तास वीस.
चौदा तास वीस मिनिटं.
बेडूक टाळ्या वाजवतो.

दुसरी उडी मोठी होती, ती म्हणते.
वेडी आहेस का, बुइरे म्हणतो,
तीन मोठे की अकरा?
अकरा, ती म्हणते.
पण पहिल्या उडीत मी झोपले होते.

तिचं मिनिट केव्हाच संपलंय.
टॅब अजून तिच्याच हातात,
आणि पाळीसाठी खोळंबलेली सहा जणं
आज भांडत नाहीत.