नजर खाली

आमच्या तांडापेठेत पोरींना चालता येण्याआधी
खाली बघायला शिकवत.
बाबांचा माग खड्ड्यात, पाय खड्ड्यात,
जेवायला हाक मारायची तरी मान खालीच.
पुढे गणेशपेठ डेपोच्या खिडकीत एकोणतीस वर्षं
सुट्टे मोजले, तिकिटं फाडली.
यवतमाळ दोन. वरोरा एक हाफ. पुढचे.
काचेपलीकडचे चेहरे मी फारसे पाहिलेच नाहीत.

रामदासपेठेत डॉक्टर बागडे, माझ्या मुलाच्या वयाचे,
म्हणाले, काकू, बोटाकडे बघा.
बोट डावीकडे गेलं, उजवीकडे आलं,
मग खाली.
डोळे नाही म्हणाले.
बासष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्या वतीनं कुणी नाही म्हणालं,
आणि ते हे असं.

आजाराचं नाव त्यांनी लिहून दिलं,
रिझर्वेशनच्या फॉर्मवर मावलं नसतं.
लाखात पाच-सहा जणांना होतो.
हे म्हणाले, लॉटरीच लागली म्हणायची,
आणि जिन्यात उभे राहून
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता थाळी चार जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर चढवतात,
तेव्हा कुठे भात दिसतो.
पाणी दाट करून प्यायचं, चावल्यासारखं.
बुधवारी पोह्यांवर एक चमचा तर्री.
हे डॉक्टरांना सांगत नाही.

मी मागे पडते, पुढे नाही,
म्हणून माझी खुर्ची भिंतीला टेकलेली.
भुवया वर चढल्या त्या उतरल्याच नाहीत.
धकाते वहिनी विचारतात,
"काऊन वो, एवढं काय पाहून राहिल्या?"
तुम्हालाच, मी म्हणते.
शब्द लाल गाडीसारखा उशिरा सुटतो.
त्या थांबतात. आधी थांबत नसत.

संध्याकाळी फुटाळ्यावर
हे माझ्या दंडाला धरून सांगत असतात,
"पायरी. अजून एक. आता सपाट. इथं ओलं आहे."
अडतीस वर्षांत एवढं बोलले नव्हते.

जोडवी बोटांत आहेत का, ते विचारावं लागतं.
रांगोळी गेली. सुई गेली.
आणि तनय रांगायला लागला त्या महिन्यात
तो माझ्यापुरता घरातूनच गेला,
नुसता आवाज उरला फरशीवर,
तळव्यांचा चट चट, कुठूनतरी.

मग एका दुपारी मीच म्हणाले, सतरंजी घाला.
मे महिना, कूलरला नवा वाळा,
पाणी ठिबकतंय टपावर.
यांनी मला धरून, वळवून, कुशीवर निजवलं.
जमिनीवरचं माणूस पडत नाही,
हे आधी कसं सुचलं नाही कुणाला?
तनय आला. सरळ डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर,
हनुवटीला लाळ, मुठीत डिरेक्टरीचं फाटकं पान.

हेही गुडघे धरत धरत शेजारी आडवे झाले.
"आता उठाचं कसं बाप्पा?"
उठू म्हटलं.
तो काहीतरी सांगून राहिला, ते ऐकू द्या आधी.