पाचवा शेवट

आमच्या गेमला चार शेवट आहेत.
पहिल्यात गुप्त मंडळ सापडतं, दुसऱ्यात हेरखातं,
तिसऱ्यात समुद्रापलीकडचा एक पाहुणा,
चौथ्यात कुणीच नाही,
नुसते काळ्या शाईनं पुसलेले कागद.
चौथा सगळ्यांत अवघड. त्याला सोनेरी ट्रॉफी.

बोलोन्याचं स्टेशन मी बांधलं, अकरा महिने.
ऐंशी सालच्या ऑगस्टमधलं सकाळचं ऊन,
फरशीवर सांडलेल्या सरबताचा चिकट डाग,
भिंतीवर समुद्रकाठच्या गावांची पोस्टरं.
कोपऱ्याकोपऱ्यात थोडं पाणी मुरत ठेवलं.
दर नव्वद सेकंदांनी खेळणाऱ्याच्या मनात
पाल चुकचुकली पाहिजे,
असं तक्त्यातच लिहिलंय.

खऱ्या स्टेशनातलं घड्याळ
दहा पंचविसावर थांबवून ठेवलंय.
मी रोज त्याच्याखालून ऑफिसला येते.
लोरिस म्हणाला, गेममध्ये काटे हलव बाई,
नाहीतर लोक बग म्हणून कळवतील.

मग सल्लागार म्हणून नेवियो स्गार्झी आला.
वय त्र्याऐंशी. तेव्हा सामानघरात कारकून.
कंट्रोलर त्यानं गरम ताटलीसारखा धरला.
मी म्हटलं, डावीकडे वळा, तिथं फाइल आहे.
तो उजवीकडे गेला.
खांबाआड मी एक माणूस उभा केला होता,
तीन आठवडे त्याच्या सावलीवर घालवले होते.
त्याला नुसतं "जरा सरका" म्हणून
नेवियो वेटिंगरूममध्ये शिरला.

बाकावर एक बाई. निळा झगा, मांडीवर टोपली.
बाक रिकामा दिसू नये म्हणून बसवलेली.
यादीत तिचं नाव बाई_०७.

"हिला बाहेर बोलवायचं बटण कुठलं?"

तसं बटण नाही, मी म्हटलं.
ती बोलत नाही. आतून पोकळ आहे ती,
वरवरचा रंग फक्त.

तो बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला.
"कुणी केलं ते कोर्टानं सांगितलंय,
अजून सांगतंय. मी पेपरात वाचतो.
पण तिची बॅग मी घेतली होती. पावती फाडली.
ती म्हणाली, बाहेर फार ऊन आहे,
आत बसले तर चालेल?
मी म्हटलं, बसा की."
मग म्हणाला,
"बॅग ऑक्टोबरपर्यंत फळीवरच होती."

त्याला ट्रामपर्यंत सोडलं
आणि परत येऊन रात्री कोड उघडला.

शुक्रवारी टेस्टिंगची नोंद आली:
समोर उभं राहून कुठलंही बटण दाबलं की
बाई_०७ उठते, टोपली उचलते,
दाराबाहेर उन्हात जाऊन थांबते.
घड्याळात दहा चोवीस.
कुठलाच शेवट बदलत नाही.
बग आहे का?

मी लिहिलं, राहू दे.

नेवियोचं बिलही आलं त्याच दिवशी,
साठ युरो, कार्बन लावून,
निळ्या अक्षरांत, दोन प्रती.