कलम सहा

मोखोटलोंगच्या वरच्या अंगाला, मेंढवाड्यालगत
रात्रीची शाळा भरते. एक कंदील, एकोणीस गुराखी पोरं,
पायांत गमबूट, ब्लँकेटांना धुराचा वास.

मासेरूहून मी प्रश्नावली घेऊन आले,
आणि संमतीपत्रं, विद्यापीठाच्या शिक्क्याची, तीन तीन प्रती.
पालकाची सही इथे.
पालक? कुणाचा बाप खाणीत,
कुणाचा खाणीतून घरी येऊन मातीत.
मेंढ्यांच्या मालकाची सही चालेल का, मी समितीला विचारलं.
समिती म्हणाली, नाही. त्याला यात फायदा आहे.
मग चार दिवस भाड्याच्या तट्टावर
मावश्या, आजे, एक बहिरा काका.

आमच्या भाषेत तुमेलो म्हणजे श्रद्धा,
तुमेल्लो म्हणजे परवानगी.
ल जरासा रेंगाळला
की देवाकडून माणूस माणसाकडे येतो.
मी तो ल नीट रेंगाळवत सगळं वाचून दाखवलं.

कलम सहा:
तुम्ही कधीही माघार घेऊ शकता, कारण न सांगता.
त्याबद्दल कोणतीही शिक्षा होणार नाही.

मोलेफी म्हणाला, पुन्हा वाच.
पुन्हा वाचलं.
'हे मेंढ्यांनाही लागू आहे?'
तेरा वर्षांचा. वर्षाला बारा मेंढ्या, हाच पगार.
कुणीच हसलं नाही.
मी म्हटलं, नाही रे. फक्त माझ्या प्रश्नांना.

त्यानं 'होय'वर फुली मारली, खोल,
खालच्या दोन्ही प्रतींवर उमटली.

गुरुवारी दारातूनच म्हणाला, माघार.
का, हे ओठावर आलेलं मी गिळलं.
त्याची पानं त्याच्यादेखत शेगडीत घातली.
तो घरी गेला नाही. बाकावर बसला,
आणि बघत राहिला
कंदिलाकडे, मक्याच्या लापशीच्या पातेल्याकडे,
सगळ्यात जास्त वेळ मास्तर न्तोआच्या हाताकडे.

थाळी आली, इतरांएवढीच.
खडू आला.
हात उठला तो फळा पुसायला.

सोमवारी म्हणाला, आता मला परत लिही.
मी संमतीपत्र पालथं घालून पाहिलं.
जाण्याचं कलम होतं, येण्याचं नव्हतं.
समितीला पत्र टाकलंय. खिंडीत बर्फ आहे,
उत्तर यायला वेळ लागेल.

तोवर प्रश्न तोच विचारतो.
तुला इकडे पाठवताना कुणी विचारलं होतं का?
काल म्हणाला, तू कधी कशातून माघार घेतलीस?
मी बराच वेळ कंदिलाची वात सारखी करत बसले.
मग कलम सहावर बोट ठेवलं:
कारण न सांगता.

त्यानं मान डोलावली,
आणि पुढचं काही विचारलं नाही.