चष्मा दिसेपर्यंत

जानेवारीत तोरुनला सकाळ होते ती नावापुरती.
साडेपाचला मी ट्रामच्या थांब्यावर उभा,
खांद्यावर दोराचं वेटोळं, टोकाला लोखंडी गोळा,
अंगात आमचा काळा कोट,
त्यावर पितळी बटणांच्या दोन रांगा. रोज रात्री मीच घासतो.

मला पाहिलं की लोक आपापलं बटण धरतात.
धुराडी साफ करणारा दिसला, बटण धरा,
मनात काही मागा,
आणि चष्मेवाला माणूस दिसेपर्यंत सोडू नका.
नियम एवढाच. कुणी घातला, ठाऊक नाही.
बँकेतला मॅनेजर धरतो, चौकातला पोलीस धरतो,
एकदा अंत्ययात्रेतल्या सहा जणांनी धरलं होतं,
शवपेटी एका हाताने सावरत.

एकतीस वर्षं मी लोकांचा शकुन आहे.
माझं विचाराल तर
डावा गुडघा गेलेला, छातीत शिट्टी वाजते,
बायको ग्दिन्यात दुसऱ्याबरोबर सुखात,
आणि पाकिटात नाताळच्या कार्प माशाचा खवला.
त्याने पैसा टिकतो म्हणतात.
खवला तेवढा टिकलाय.

ती रस्ता ओलांडून आली, धावतच.
पन्नाशीची असेल. पायात घरातल्या सपाता,
अंगावर कुणा तरुण मुलाचं निळं जाकीट.
समोर थांबून तिने छाती चाचपली,
किल्ली हरवल्यावर आपण खिसे चाचपतो तशी.
गळ्यापासून कमरेपर्यंत नुसती चेन.
बाह्यांना वेलक्रो.
"बटणच नाही," ती म्हणाली,
जणू जाकीट मी शिवलं होतं.
आणि तिने माझंच धरलं,
वरून तिसरं.

असं चालतं की नाही, मला कल्पना नाही.
एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

ट्राम आली. तिने सोडलं नाही.
एकाच दारातून आम्ही तिरके चढलो,
पाद्रीने नुकतेच हात बांधलेल्या जोडप्यासारखे.
डब्यात चार माणसं.
बेकरीतली पोरगी, डोळे मिटलेली.
दोन रात्रपाळीवाले. एक म्हातारा, नजर घारीची.
एकाच्याही नाकावर काच नाही.
"लेन्स लावतात हल्ली सगळे," मी म्हणालो.
ती हसली नाही.

काय मागितलं ते विचारायचं नसतं.
पण मोकळ्या हाताने ती सारखा मोबाइल काढायची,
काळ्या पडद्याकडे बघायची, परत ठेवायची.
"तेओफिल," एवढंच म्हणाली, दोनदा,
मला नव्हे, खिडकीला.

माझा थांबा मागे पडला. पुढचाही.
नदीकडून धुकं वर सरकत होतं.
तिची बोटं काजळीने काळी झालेली,
दोरा ताणत होता, मला तो छातीशी कळत होता.

मग आठवलं.
आतल्या खिशातून माझा वाचायचा चष्मा काढला,
एक काडी टेपने चिकटवलेली,
गॅसचं बिल वाचायला लागतो तो.
फुंकर मारून घातला.
त्यातून फक्त जवळचं दिसतं. फारच जवळचं:
पापणीवरचं मीठ, ओठावरची भेग.
"हा घ्या," म्हणालो, "चष्मेवाला."

शकुनही मी, सुटकाही मीच.
असली लबाडी चालते का, तेही ठाऊक नाही.

तिने बटण सोडलं.
एकेक बोट.
पुढच्या थांब्यावर उतरली, सपाता बर्फात रुतवत.
वळून पाहिलं नाही. बरं झालं,
वळून पाहू नये असंही कुणीतरी म्हणत असेल.

मी उलट्या ट्रामने परतलो. चाळीस मिनिटं उशीर,
साहेबांचं बोलणं,
मग सात धुराडी, एकात कावळ्याचं घरटं.

बटण अजून दोऱ्यावर लोंबतंय.
शिवायचं तर सुई ओवायला चष्मा लागतो,
आणि चष्मा घालून कोटासकट आरशासमोर आलो
की हात आपसूक छातीकडे जातो.
धरतो.
काय मागावं सुचत नाही.
मग ते नाव घेतो, तेओफिल,
ओळख ना देख.