फक्की

बावीस वर्षं मी या मैदानावर फक्की मारतो.
सारसबागेच्या पलीकडं, जिथून पर्वती दिसते.
दोरी ताणायची, खुंटी ठोकायची,
डालड्याच्या डब्याला खालून भोकं,
आणि कमरेत वाकून, डबा हलवत
मागं मागं सरकायचं.
रेष सरळ आली तर कुणी काही बोलत नाही.

यंदा कागद आला: क्रीडा आणि कला, महोत्सव एकत्र.
सकाळी खो-खो, संध्याकाळी कथक,
एकच मैदान, एकच दिवस.
साहेबांची सही होती.
वाचलं असेलच असं नाही.

पहाटे पाचला ऋजुता आपटीकर आली,
स्कूटीवर पुढं रांगोळीचं पोतं.
'काका, मधल्या पाटीवर वेल काढू?'
म्हटलं, बाई, ही पाटी आहे, अंगण नाही.
इथं पोरी सूर मारतात, गुडघे सोलतात.
ती खाली बसली. माझ्या रेषेकडं एक डोळा मिटून बघितलं.
'एवढी सरळ? हातानं?'
मी म्हटलं, डब्यानं.
पण मग हद्दीबाहेर वीतभर जागा
मीच झाडून दिली.

नऊ वाजता ऊन चढलं, तसा तबलाही चढला.
निरंजन वझलवार संध्याकाळचा माणूस,
माइक तपासायला सकाळीच येऊन बसलेला,
हातोडीनं गट्टे ठोकत होता
आणि समोर तबस्सुम बागवान पळत होती.
भवानी पेठेची. एकेरी साखळी.
आठ जणी बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं,
आणि ही त्यांच्यामधून
सुई जावी तशी.

जाताना आठ.
खांबाला वळसा.
येताना आठ.
वझलवारांची हातोडी थांबली.
बोटं आपोआप खाली आली,
धा धिं धिं धा,
पहिल्या खांबापाशी सम, पुन्हा सम,
ध्वनिक्षेपक चालू राहिलाय हे कुणाच्या ध्यानातच नाही.

समोरचे मार्गदर्शक ओरडत आले,
'पंच! त्यांच्या पोरीला ठेका मिळतोय!'
पंचांनी खिशातली नियमावली काढली,
चष्मा लावला, पुढून चाळली, मागून चाळली.
तबल्याबद्दल काही नव्हतं.
तरी बंद करायला सांगितलं. बंद झाला.

आणि ती तशीच पळत राहिली.
नुसती पावलं. मातीवर.
वझलवार मांडीवर बोट ठेवून मोजत होते,
मीही मोजत होतो, मला ताल कळत नाही.
तिसऱ्या मिनिटाला नवव्या मात्रेवर
खांबाजवळ एकीनं सूर मारला, बोटाचं टोक लागलं.
बाद.
पंचांच्या शिट्टीला काही सूर नसतो.

संध्याकाळी मी डबा ठेवून झाडू घेतला, रेषा पुसायला.
नाचणारी बाई, शर्वाणी का कोण,
घुंगरं बांधता बांधता म्हणाली, 'राहू द्या.'
माझे आठ चौकोन राहिले.
एकेका चौकोनात ती थांबायची, वळायची,
चुना टाचेला लागायचा,
तो पुढच्या चौकोनात उमटायचा.

तबस्सुम पहिल्या रांगेत होती, गुडघ्याला पट्टी,
शेजारी अम्मी, मांडीवर डबा.
तिहाई सुरू झाली. एक. दोन.
तिसरीला बाई शेवटच्या चौकोनात आली
आणि समेवर, अगदी बारीक,
स्वतःशीच बोलावं तसं, तबस्सुम म्हणाली,
'खो.'

बाईनं ऐकलं. मान हलली.
टाळ्यांत बाकी कुणाला कळलं नसेल.

आता तीन महिने झाले. चार पोती चुना, दोन पोती रांगोळी,
बिल अजून फिरतंय.
क्रीडा विभाग म्हणतो, रांगोळी आमच्यात बसत नाही.
सांस्कृतिक विभाग म्हणतो, चुना आमच्यात बसत नाही.
साहेब म्हणतात, शेलार, तुम्ही वेगवेगळं लिहून आणा.
मी म्हटलं, साहेब, ते त्या दिवशीच
बाईच्या टाचेखाली मिसळलं.

ते हसले नाहीत.
मी जिना उतरलो.
आठ पायऱ्या, मग वळण, मग आठ पायऱ्या.
बावीस वर्षं उतरतोय,
मोजल्या त्या दिवशी.