मी जातो

आमच्या शाळेला घंटा नाही.
चौगुल्यांच्या म्हशी गंगावेशीकडं वळतात
तेव्हा खुरांचा आवाज आधी येतो, वास मागून,
आणि ओवी चहाची बशी तशीच ठेवून
पायात चप्पल शोधत म्हणते, "आई, मी जातो."
व्याकरणाचा तास मी इथंच सोडून देते.
आमच्याकडं पोरी जातो म्हणतात, येतो म्हणतात,
आणि जायचं तिथं जाऊन येतात.

कट्ट्यावर गणित असतं.
अर्ध्या लिटरचं माप, वर चार बोटं फेस.
रणजित, वय साडेचार, विचारतो,
"फेस मोजायचा का?"
बाळू चौगुले धार न थांबवता सांगतो,
"फेस फुकट, भावा. दूध तेवढं दूध."
घरी येऊन त्यानं पाटीवर भांडं काढलं,
भांड्यावर ढग,
आणि ढगात लिहिलं : शून्य.

हे काही मी ठरवून केलेलं नाही.
पहिल्या वर्षी वेळापत्रक होतं, फ्रीजवर, रंगीत.
सोमवारी मराठी, मंगळवारी परिसर.
गुरुवारी त्याच्यावर पाल आली,
रणजितनं झाडू उगारला, तिनं शेपटी टाकली.
शेपटी फरशीवर वळवळत होती तोवर
दोघांनी आकडे म्हटले.
एकशे बारावर ती थांबली.
तोवर रणजितला एकोणतीसच्या पुढं येत नव्हतं.

रंकाळ्याच्या बगळ्यानं मात्र काही शिकवलं नाही.
अर्धा तास उभा राहिला. आम्हीही राहिलो.
मग उडाला.
ओवीनं वहीत लिहिलं : बगळा.
पुढं काही नाही.

वन्सं विचारतात, "दाखला कुठनं मिळणार गं ह्यांना?"
मी म्हणते, "बघू की."

मागल्या मंगळवारी चंपीचं रेडकू गेलं.
शुक्रवारी बाळूनं तिच्यापुढं आणून ठेवलं
तेच कातडं, आत पेंढा,
पायांच्या जागी काठ्या, डोळ्यांच्या जागी टाके.
चंपीनं हुंगलं. चाटायला लागली.
आणि पान्हा सोडला.
पान्हा. हा शब्द मी कधीतरी सांगणारच होते,
आईच्या मायेचा वगैरे, सवडीनं.

"हे खोटं हाय," ओवी म्हणाली,
मोठ्यानं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.
बाळूची धार थांबली. पहिल्यांदाच.
"व्हय," तो म्हणाला. "खोटं हाय."
"तिला ठावं हाय?" रणजितनं विचारलं.

किटल्या घेऊन माणसं उभी होती.
कुणीतरी खोकलं.
मी डी.एड.ची दोन वर्षं आतल्या आत उलटीपालटी केली,
एक वाक्य सापडेना.
तेवढ्यात पोटाचा एक टाका उसवला,
पेंढ्याची काडी बाहेर आली,
आणि चंपी चाटता चाटता
ती खायला लागली.

त्या दिवशी पाटी कोरी राहिली.
दूध तापायला ठेवलं ते उतू गेलं,
तिघंही स्वयंपाकघरातच होतो.
रात्री रणजित अंधारात म्हणाला,
"भूक लागली असंल तिला."
ओवी काही बोलली नाही.
ती झोपली नव्हती एवढं मला कळलं.

सकाळी खुरांचा आवाज आला.
मला वाटलं, आज नाही जाणार.
मी बशीत चहा ओतून ठेवला, दार लोटून घेतलं.
ओवी माझ्या शिवणाच्या डब्यापाशी बसली होती,
बटणं, हूक, खडूचे तुकडे, सगळं फरशीवर.
"दाभण हाय काय आपल्यात?"
दाभण नव्हता. गोधडीची सुई होती, ती दिली.
काळा दोरा तिनंच निवडला,
तीनदा चुकला, चौथ्यांदा सुईत गेला.
मी गाठ मारून देऊ का विचारलं,
तर तिनं दातानं दोरा तोडला,
सुई फ्रॉकच्या कॉलरमध्ये टोचली,
रणजितचा हात धरला.

"चहा?"
"आल्यावर. मी जातो."